बोनसचे तारे

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी रविवारी दुपारी आमच्या कामठा गावाहून सायकलने गोंदियाला जायचो, वर्गातल्या एका मित्राच्या घरी. त्याच्या वडिलांची राइस मिल होती, आणि त्याच्या खोलीत टीव्हीला जोडलेला एक जपानी व्हिडिओ गेम होता. चौघांनी मिळून खेळायचा. पडद्यावर पट, फासा टाकून पुढे सरकायचं, मध्येमध्ये छोट्या शर्यती, आणि शेवटी ज्याच्याकडे जास्त तारे तो जिंकला. रिमोट चारच आणि पोरं जास्त, म्हणून त्या खोलीचा नियम होता : जो शेवटचा येईल त्याने उठायचं, रिमोट दुसऱ्याला द्यायचा.

मी बहुतेक वेळा चटईवरच असायचो. माझी बोटं त्या बटणांवर चालायची नाहीत. पण नुसतं बसून राहायचा संकोच वाटायचा. मग मी सायबर कॅफेत जाऊन तो खेळ कसा बनला ते वाचू लागलो. इंग्रजी अडायचं, तरी वाचायचो. एका शर्यतीत रिमोटची काडी तळहाताने गरागरा फिरवून पोरांच्या हातांना फोड आले, आणि कंपनीला हातमोजे वाटावे लागले, हे मी तिथेच वाचलं. खोलीत सांगितलं तर सगळे खेळ थांबवून माझ्याकडे वळले.

"इसको सब पता है यार," मित्र म्हणाला.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी आठवडा काढला असेन. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला चौघांचा गट लागायचा, आणि मित्राने मला त्याच्या गटात घ्यावं, एवढंच मला हवं होतं.

एका रविवारी मला रिमोट मिळाला. पूर्ण डावभर मी मागेच होतो. पण डाव संपल्यावर तो खेळ स्वतःहून काही बोनस तारे वाटतो. त्यातले दोन मला आले आणि मी जिंकलो. पहिल्यांदाच.

"अरे, ये कैसे जीत गया?"

मी आनंदाने सांगायला लागलो. हे बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलं आहे, मागे पडलेल्याला शेवटपर्यंत आशा राहावी म्हणून.

"मतलब गेम में भी कोटा!" मित्र म्हणाला.

"तभी तो जीता. इनको तो हर जगह बोनस है," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले. रागाने नाही. मजेत हसले.

आम्ही बौद्ध, हे त्यांना ठाऊक होतं. माझं नाव खुल्या यादीत लागलं होतं, ते ठाऊक नव्हतं. सांगावंसं वाटलं. पण सांगितलं असतं, तर राखीव यादीतून शिकणाऱ्या माझ्या मावसभावावर हसायची परवानगी मीच दिल्यासारखी झाली असती.

"ये बंद होता है क्या?" मित्राने विचारलं.

"होतं. सुरुवातीला सेटिंगमध्ये असतं," मी म्हणालो. तेव्हासुद्धा सगळं माहीत असलेला मीच असावा, असं मला वाटत होतं.

त्याने बोनस बंद केला. "ले, अब खेल. बराबरी से."

मी खेळलो आणि चौथा आलो. कोणी उठ म्हटलं नाही, त्याची गरजही नव्हती. मी रिमोट दिला आणि चपला घातल्या.

"काऊन गा, आज लवकर आलास?" आईने विचारलं.

"लाईन गेली होती तिथची," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मित्राने खांद्यावर हात टाकला. "प्रोजेक्ट में तू हमारे साथ है, हां. तेरी इंग्लिश ठीक है, रिपोर्ट तू लिखेगा."

मी हो म्हणालो. रिपोर्ट मीच लिहिला. त्या घरी पुन्हा गेलो नाही, आणि गटातल्या तिघांपैकी एकानेही कधी विचारलं नाही, का येत नाहीस म्हणून.