मोटरीचा पोळा

मोटरीची चाकं कोणी हौसेनं रंगवलेली दिसली की आजही माझं टाळकं सरकतं. घरातली पोरं हसतात. हसा लेको! तुमच्या घराण्यानं चाकं रंगवून काय दिवे लावले ते तुम्हाला कुठं ठाऊक आहे? आज सांगूनच टाकतो.

आमचं गाव वडनेर भोलजीच्या अलीकडं, काळ्या मातीतलं. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मोठे साहेब नागपूरहून येत. गावात पोळ्याचा मान आमच्या घराचा. तोरणाखाली पहिली जोडी आमची उभी राहायची, तोरण आमच्या घरचा माणूस तोडायचा, आणि मगच बाकीच्यांचे बैल सुटायचे. वडील गेल्यावर तो मान माझ्या थोरल्या भावाकडं आला, आणि बैल माझ्याकडं. मान त्याचा, शेण माझं. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बैल मला आवडायचे. दादाला माणसंही फारशी आवडत नसत.

त्या साली दादानं खामगावातल्या एका कापसाच्या जिनवाल्याची जुनी मोटर घेतली. पंचक्रोशीत दुसरी मोटर नव्हती, त्यामुळं तो दारातून आत शिरतानाही मोटरीत बसल्यासारखा शिरायचा. पण तिची चाकं बारीक आऱ्यांची, पोटाखाली सरकलेली आणि गंजून तपकिरी झालेली. नांदुऱ्याच्या बाजारात कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "मोटर बसली पाहा शेळीवानी." झालं! दादाच्या ते जिव्हारी लागलं. रोज संध्याकाळी तो तिच्याभोवती फिरायचा, खाली वाकून पाहायचा आणि मलाच विचारायचा, "दमणीच्या आखावर चकत्या घालून चाक बाहेर काढतो ना आपुन? मंग मोटरीले काऊन नाई?"

दमणी म्हणजे आमची बसायची हलकी बैलगाडी. तिचं चाक आखावर सैल फिरतं, बाहेरून खीळ त्याला अडवते. आतून जाड चकती जास्त घातली की चाक बाहेर सरकतं, गाडी ऐसपैस दिसते, बिघडत काही नाही. मोटरीचं चाक तसं नसतं. ते बोल्टांवर नटांनी आवळलेलं असतं. मध्ये चकती आली की बोल्टाचे आटे तेवढे कमी उरतात आणि नट जेमतेम टोकाला धरून राहतो. मला हे नंतर कळलं. दादाला आधी कळायला हवं होतं, मोटर त्याची होती.

गावच्या लोहारानं सांगितलं तशा चार जाड चकत्या ठोकून दिल्या. मग रंग. पोळ्याला बैलांच्या शिंगांसाठी मी आणलेला हिंगूळ दादानं मला न विचारता जवसाच्या तेलात कालवला. कडा लाल केल्या, आरे पिवळे. चकत्यांनाही दोन्ही अंगांनी रंगाचा थर फासला आणि तो ओला असतानाच नट आवळले. दाबानं रंग बाहेर ओघळला तो त्यानं बोटानं पुसून घेतला. चाकं देखणी झाली, खोटं कशाला बोलू? मोटर एकदम छाती काढून उभी राहिल्यासारखी दिसायला लागली. आणि माझ्या बैलांच्या शिंगांना गेरू!

गेरूही चालला असता. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी, मी गोठ्यात असताना, दादा दारात येऊन उभा राहिला.

त्या संध्याकाळी आमच्याकडं बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जुवानं घट्टे पडलेल्या खांद्याला लोणी आणि हळद चोळायची, आणि बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." एवढं म्हटलं की दुसऱ्या दिवशी तो पाहुणा. त्याच्या खांद्यावर जू नाही, पाठीवर काठी नाही, त्याला शिवी नाही. माझ्या शेजारी आमचा बटईदार त्याची जोडी मळत होता. आमचं नदीकाठचं वावर तो बटईनं, म्हणजे अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, करायचा. मी त्याला काका म्हणायचो. त्याचा एक बैल तांबडा, एक बांडा, उंचीतही फरक. पण काका आवतण द्यायचे ते असं, की व्याह्याला लग्नाचं बोलावणं करावं. टोपी नीट करून, दोन्ही कानांत, सावकाश. त्यांच्या बैलांचे कान हलायचे आणि काका म्हणायचे, "पाह्य, समजलं त्याले."

दादा दारातूनच म्हणाला, "उद्या तोरणाखाली मानाच्या जागेवर मोटर राहीन. जोडी मांगं उभी कर."

मला आधी थट्टाच वाटली. मग त्याचं तोंड पाहिलं.

"डोकं फिरलं का तुहं, दादा? मोटर कधी वखराले जुंपली होती?"

"जमाना बदलून राह्यला. तू गोठ्यात राहतो, तुले काय समजते?"

"बदलू दे ना जमाना! पोळा तं बैलाचाच आहे."

"मान माहा आहे. कोणाले उभं करायचं ते मी ठरवीन."

काका खाली मान घालून लोणी चोळत राहिले. माझ्या हातातला लोण्याचा गोळा मी भिंतीवर मारला. वहिनीनं जपून ठेवलेलं लोणी, तेही वाया.

पोळ्याच्या दिवशी दादानं सकाळपासून मोटर साऱ्या गावाला दाखवत फिरवली. गल्लीबोळात, नाल्यातून, खड्ड्यातून. दुपार कलताना ती आखरावर, गावाबाहेर गुरं जमायच्या मोकळ्या जागेवर, आली. दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याखाली हे धूड, लाल-पिवळ्या चाकांची. तिच्यामागं माझी पांढरी जोडी, आणि त्यामागं झुली पांघरलेली, घुंगरमाळा घातलेली साऱ्या गावाची गुरं. म्हातारी माणसं एकमेकांकडं पाहत होती. मालकाला कोण बोलणार? मला त्या सगळ्यांचा राग आला, अजून आहे.

झडत्या, पोळ्याची ती चढाओढीची गाणी, म्हणून झाल्या. दादानं मोटरीच्या पायरीवर चढून तोरण तोडलं. पोळा फुटला! लोकांनी आरोळी ठोकली, दादा आत बसला, मोटर खाकरली आणि हललीसुद्धा. दहा-वीस हात गेली असेल. पुढचं डावं चाक डुगडुगायला लागलं. मी ओरडलो, पण त्या आवाजात कोण ऐकतं? बांधाच्या उंचवट्यावर चढता चढता चाक निसटलं, चकतीसकट; हिसक्यांनी रंगाचा थर दबून नट कधीच ढिले झाले होते. मोटर एका अंगावर बसली आणि चाक गडगडत मागं येऊन माझ्या बैलांच्या पायाशी आडवं पडलं. बैल बिथरले. दोन्ही वेसणी धरून मी त्यांच्याबरोबर फरफटत गेलो.

पहिल्यांदा कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सारं आखर हसलं. मीही हसलो, पोट भरून हसलो.

"हासता काय बे!" दादा चिखलात उतरून किंचाळला. मोटर वाटेत आडवी. तिला हलवल्याशिवाय एकही बैल गावात जाऊ शकत नव्हता. घरोघरी बाया पुरणपोळीची ताटं घेऊन दारात उभ्या. दादानं इकडं तिकडं पाहिलं आणि मला म्हणाला, "जोडी आन. दोर बांध. वढून घेऊ."

"आज? आज जू ठेवू?"

"वढाले काय, घटकाभर तं लागते."

"नाई," मी म्हणालो. "काल आवतण देलं म्या त्याइले. तुले वढायची असन तं तू वढ. माह्या बैलाले हात लावून पाह्य, मंग सांगतो."

इतक्या लोकांत मी त्याला कधी उलटून बोललो नव्हतो. तो माझ्याकडं पाहत राहिला. मला वाटलं, जिंकलो. मूर्ख! त्याची नजर माझ्यावरून सरकून ओळीत मागं गेली.

"ए, तुही जोडी आन पुढं."

काका पुढं आले, पण जोडी सोडून, हात जोडून. "मालक, आजच्या दिवशी नका म्हणू. मानसं लावू, ढकलू. मी सोता खांदा लावतो."

"पुढच्या साली नदीचं वावर करायचं हाय का नाई?"

बस्स, एवढंच बोलला तो. चारचौघांत, सणाच्या दिवशी. मी ओरडलो, "काका, नका आनू! दादा, लाज वाटू दे जराशी!" माझे बैल अजून थरथरत होते, वेसणी सोडल्या तर गर्दीत घुसले असते. मी मागं वळून "धरा रे कोणी हे" म्हणेपर्यंत कोणीतरी जू आणून दिलंही होतं. कोणी आणलं ते मी नीट पाहिलं आहे. तोही दादाचंच वावर करायचा.

झुली काढल्या. खांद्यावर हळद तशीच पिवळी होती. तिच्यावर जू. तांबडा जागचा हलेना. बसवलेल्या पाहुण्याला ताटावरून उठवावं तसा तो काकांकडं तोंड वळवून उभा राहिला. दादानं कोणाच्या तरी हातातली काठी ओढून घेतली आणि त्याच्या पाठीवर हाणली. काकांनी डोळे मिटले. दुसऱ्या काठीला बैल निघाले. लोण्यानं जू खांद्यावर घसरत होतं.

वाट मोकळी झाली. माझी जोडी वाजतगाजत घरी गेली. वहिनीनं पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी भरवली. मी आखरावर काय झालं ते सांगितलं तेव्हा तिनं उरलेलं सारं पुरण एका परातीत घेतलं आणि काकांच्या घरी गेली. दादानं तिला अडवलं नाही. तो जेवायला बसला होता.

नंतर वर्षानुवर्षं दादा ही गोष्ट पाहुण्यांना सांगायचा. "आमच्या मोटरीनं पोळा केला!" मोटर मध्येच कशी बसली, चाक कसं पळालं, भाऊ कसा फरफटला. लोक खो खो हसायचे. काठीचं त्यात कधी आलं नाही. मी उठून बाहेर जायचो.

पुढच्या साली नदीचं वावर काकांकडंच राहिलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्या शेजारी खांदे मळत होते. लोणी तेवढंच, हळद तेवढीच. मी माझ्या जोडीला आवतण दिलं आणि थांबलो. काका हात पुसून उठायला लागले.

"काका, आवतण राह्यलं ना."

त्यांनी तांबड्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"एकदा बोलावून जुपलं त्याइले," ते म्हणाले. "आता कोण्या तोंडानं बोलवू?"