सुनेने माझ्या शेतात नदी घातली

मुलाचं लग्न झालं आणि सून उल्हासनगरहून आमच्या बेलवलीच्या घरी आली. सिंधी घरातली, हसतमुख, पण वागायची पाहुण्यासारखी. पंखा लावू का, चहा घेऊ का, सगळं विचारून. या पोरीला हे घर आपलं कधी वाटणार, याचा मला घोर लागला होता.

लग्नात कुणीतरी एक खेळ दिला होता. जाड पुठ्ठ्याचे चौकोन, त्यांवर शेत, रस्ता, नदी. एकेक उचलायचा आणि कडा जुळतील असा लावायचा. ज्याचं शेत मोठं, त्याला गुण जास्त. रविवारी जेवणं झाली की आम्ही चौघं बसायचो. माझं माहेर पालेगावचं, भातशेतीवालं, त्यामुळे मी शेतावर तुटून पडायचे. आणि दर रविवारी जिंकायचे! शेजारणींना सांगून सांगून वात आणला होता मी.

एकदा सुनेच्या हाती नदीचा चौकोन आला. माझ्या शेतालगत लावला असता तर माझं शेत तिथेच संपलं असतं. तिचा हात तिथवर गेला, थबकला, आणि चौकोन तिने भलत्याच कोपऱ्यात लावला. माझं डोकंच फिरलं. म्हणजे इतके दिवस ही मला जिंकवत होती!

"का गं, इथे का नाही लावलास?"

"मम्मीने सांगितलंय, सासूला कशातच हरवायचं नाही."

"तुझी मम्मी खेळतेय का इथे? आणि मी काय कुकुलं बाळ आहे? उचल तो!"

"अगं, हळू," नवरा म्हणाला. सून क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग तिने नदी उचलली आणि बरोब्बर माझ्या शेताच्या तोंडाशी ठेवली. पुढे तर रस्ता असा काही फिरवला की मी बघतच राहिले. काय डोकं चालतं पोरीचं! मी सपशेल हरले. चरफडले, खोटं कशाला बोलू, पण अभिमानही तेवढाच वाटला.

मी चौकोन भराभर डब्यात कोंबायला लागले, तर तिने माझा हात धरला.

"डबा नाही भरायचा हां, आई. अजून एक डाव. आणि या वेळी चिडायचं नाही, सांगून ठेवते."

मला दम देत होती! मी उठले, दार सताड उघडलं आणि समोरच्या शेजारणीला ओरडून सांगितलं, "अहो, या लवकर, माझी सून मला हरवतेय!"