परतीच्या वाटेवरचं बोलणं

आमच्या ताई घरभेटीला जाताना अगदी मुक्या असायच्या आणि परतताना एकट्याच दोघींचं बोलायच्या. बालसंरक्षणाच्या कामात त्या माझ्या वरिष्ठ. स्कूटर त्यांची, मागे मी. गाव मागे पडलं की सुरू. आधी स्वतःचा प्रश्न, मग समोरच्या बाईचं उत्तर, तिच्या आवाजात, तिच्या खोकल्यासकट. आशागडच्या वडापाववाल्याने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडमची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, "त्यांची बरी आहे हो, माझीच बिघडायला आलीय."

कारण ताई मलाही सोडत नसत. "आता तू हो ती आई," म्हणायच्या. कैनाडच्या एका आईचं बोलणं मी जरा चिडक्या सुरात म्हणून दाखवलं, तर लगेच, "ती चिडली होती, की उन्हाने तू चिडली होतीस?" अहो, मला काय ठाऊक! तिथे बसून जे लख्ख कळलेलं असायचं, ते घरी पोचेपर्यंत डोक्यात पार कालवलं जायचं. मला भारी राग यायचा. माणूस बोललं, आपण ऐकलं, संपलं की! "ऐकलं कुठे? आपल्याला हवं तेवढं उचललं," ताई म्हणायच्या.

उधव्याला दहा-अकरा वर्षांची एक पोर होती. आई वारलेली, मामाकडे राहायची. शाळेत येईनाशी झाली, त्यात हातावर भाजल्याचे डाग, म्हणून गुरुजींनी आम्हाला कळवलं. मामी म्हणाली, भाकऱ्या करताना तवा लागला. ताईंनी पोरीला ओट्यावर जवळ बसवून विचारलं, "इथं कसं वाटतं गं तुला?" ती शेळीकडे बघत म्हणाली, "बरा हाय." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी बाल कल्याण समितीपुढे आमचं मत द्यायचं होतं, की पोर मामाकडेच राहू द्यायची की डहाणूला बालगृहात आणायची.

परतताना ताई तेच दोन शब्द म्हणत राहिल्या. भीतीने, कंटाळून, लाजून, खरंच बरं असल्यासारखे. "कसं म्हणाली गं ती?" मी म्हणून दाखवलं. "नाही, असं नाही." मग स्वतः म्हणाल्या. तेही त्यांना पटेना. हायवे लागायच्या आधी त्यांनी स्कूटर वळवली.

पोर बोअरिंगवर एकटीच हंडा भरत होती. ताईंनी पुन्हा तेच विचारलं. तिने हंडा खाली ठेवला. "सांगला ना मगाशी," ती म्हणाली. मग आमच्या तोंडांकडे बघत म्हणाली, "तुमाला काय पायजे ता सांगा, मी ताच बोलते."

त्या दिवशी परतीच्या वाटेवर ताईंनी एकही आवाज काढला नाही. मला वाटलं होतं, आता तरी गप्प बसतील तर बरं. पण ती शांतता मला सोसवेना.

समितीपुढे ताई म्हणाल्या, "मला नक्की कळलेलं नाही. पण डाग दिसतात, तेव्हा सध्या आणू या." आणायला गेलो तेव्हा पोर मामीच्या पदराला धरून रडली. मामीही रडली, अगदी हुंदके देऊन. ते रडणं कसलं होतं, देव जाणे. मी तर त्या दिवसापासून पुरती गोंधळलेली आहे.

ताई निवृत्त होऊन बहिणीकडे नाशिकला गेल्या. आता स्कूटर माझी आहे आणि आशागडचा वडापाववाला माझ्याकडे तसाच बघतो. पोर शाळेत जाते, अंगानेही भरलीय. परवा बालगृहात गेले तेव्हा तिला विचारलं, "इथं कसं वाटतं गं?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बरा हाय."

बाहेर येऊन मी तडक ताईंना फोन लावला. "कसं म्हणाली?" त्यांनी विचारलं. मी तिथेच, फाटकाशी उभी राहून, म्हणून दाखवलं.

मग ताई म्हणाल्या, "परत म्हण."