सहीला अडून बसलेले अण्णा

दीड महिन्यापूर्वी सकाळीच मुडबीहून फोन आला, "अण्णा गेले." शरणप्पा अण्णा म्हणजे तिथल्या प्राथमिक शाळेचे मास्तर आणि संयुक्त पीएचडीतले माझे जोडीदार. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? पाचवं प्रकरण त्यांच्याकडेच राहिलं! लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

सीमेवरच्या कन्नड शाळांत मराठी बोलणारी मुलं कशी शिकतात, हा आमचा विषय. विद्यापीठाच्या खास परवानगीने प्रबंध एक, नावं दोन, सह्या दोन. मी कलबुर्गीच्या बी.एड. कॉलेजात तात्पुरती, पदवी वेळेत मिळाली तरच कायम होणार. अण्णांना हे पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांचा हट्ट काय, तर ज्या शिक्षकाबद्दल लिहिलं त्याला प्रकरण आधी वाचून दाखवायचं, मगच सही! करजगीच्या मास्तरांनी माझी दोन पानं खोडायला लावली तेव्हा मी रडकुंडीला आले. अण्णा मात्र तिथल्या फरशीवर मांडी घालून निवांत शेंगा फोडतायत! "कामून चिडायलात, ताई? त्येंचंच त्येंन्ला वाचून दाखवायलोय." गाइड रागवायचे तेही मलाच. अण्णा "व्हय सर, व्हय सर" म्हणायचे आणि पुन्हा कुठल्यातरी शाळेची वाट धरायचे. दोन मुदतवाढी अशाच गेल्या... डोकं फिरायचं माझं.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी वहिनींनी त्यांची पिशवी माझ्या हातात दिली. पाचव्या प्रकरणावर सही नव्हतीच. समासात लिहिलेलं, 'निंबर्ग्याच्या बाईंना दाखवणे बाकी.' म्हणजे गेल्यावरही अडवणूक! गाइड म्हणाले, आता त्यांच्या सहीची अट राहिली नाही, महिनाअखेर जमा करून टाका. करणारच होते मी. पण ती ओळ काही डोक्यातून जाईना. शेवटी तणतणतच निंबर्ग्याच्या शाळेत गेले.

मुलं घरी गेल्यावर रिकाम्या वर्गात वाचायला लागले. 'बाई मागे बसणाऱ्या मराठी मुलांना एकही प्रश्न विचारत नाहीत,' असं माझं वाक्य होतं. बाई म्हणाल्या, "वर्गात इचारलं की कन्नडमधी अडखळतेत, बाकीचे हसतेत. म्हणून सुट्टीत एकेकाला बसवून इचारते मी, मराठीत. तुमी सुट्टीत कधी आलाव का वर्गात?" नव्हते आले. सुट्टीत मी ऑफिसात चहा पीत बसलेली असायचे. अख्खं प्रकरण त्या एका वाक्यावर उभं होतं.

गाइडना फोन करून सांगितलं, नव्याने लिहायचंय. ते ओरडलेच, "अहो, आता तर अण्णाही नाहीत! आता कोण अडवतंय तुम्हाला?" कप्पाळ माझं! नोकरी बहुतेक हातची जाणार. अण्णांचा भयंकर राग येतो, आणि भांडायला ते नाहीत म्हणून दुप्पट येतो. काल मधल्या सुट्टीत त्या वर्गात भिंतीला टेकून बसले. बाई एका मुलीला हळूच प्रश्न विचारत होत्या आणि पोरगी धडाधड उत्तरं देत होती. सगळं लिहून घेतलं. उठताना बाईंना म्हटलं, "पुढच्या आठवड्यात येते, वाचून दाखवायला."