कोरडी

वाईहून निघताना बायको म्हणाली, "दारू चाखायला कुणी एवढ्या लांब जातं का?" पण दादूचं पत्रच तसं होतं : 'दारूबंदी येतीया. त्याआदी या, आन् हीच का ती सांगा.'

लढाईत दादू आणि मी इटलीला एका पलटणीत होतो. तो शिपाई, मी कारकून. तिथे एका मळ्यातल्या म्हातारीने मला आणि दादूच्या गावच्या गणपाला फिकट, गार वाईन पाजली. गणपा घोट घेऊन खदखदून हसला. दुसऱ्या दिवशी तो मारला गेला. दादू तेव्हा पहाऱ्यावर होता, त्याने ती चाखलीच नाही. दादू गावी परतल्यावर गणपाच्या वडिलांनी, तात्यांनी, त्याच्याकडे एकच मागणं केलं, "पोरानं शेवटी काय पिलं, तेवढं मला पाज." तेव्हापासून दादू घरीच द्राक्षांची दारू करून बघत होता.

लोणंदला गाडी धरली, भिलवडीला उतरलो. दादू बैलगाडी घेऊन उभाच होता. तासगावच्या वाटेवर काळी रानं, मधूनच एखादा द्राक्षांचा मांडव. घरी भाकरी, दही आणि असला खर्डा की माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"लय मऊ झालासा तुमी!" दादू हसला.

मग त्याने मला घराच्या सपाट मातीच्या छतावर, माळवदावर नेलं. तिथे द्राक्षं सुकत पडली होती.

"ही कशाला रे?"

"आवं, तुमीच सांगितलं न्हवं, ती वाईन कोरडी हुती म्हून? वाळवल्याबिगर कोरडी कशी व्हायची?"

म्हातारी मोडक्या इंग्रजीत 'ड्राय' म्हणाली होती, मी दादूला 'कोरडी' सांगून मोकळा झालो. कोरडी म्हणजे बिनगोड, एवढं सांगायला माझी जीभ झिजली असती का?

"ताजी द्राक्षं कधी घातलीच नाहीस?"

"पयल्या साली घातली की. आंबटढाण झाली, गोडी म्हून न्हाई. दिली वतून वड्याच्या पाण्यात."

तेवढ्यात काठी टेकत तात्या आले. दादूने आम्हा दोघांना पेले भरून दिले. तपकिरी, काकवीसारखी गोड. त्या वाईनशी तिचा काडीचा संबंध नव्हता. तात्या डोळे मिटून सावकाश प्याले.

"ग्वाड हाय," ते म्हणाले. "गणपाला ग्वाडाचं लय याड. हीच का वो ती, सायेब?"

दादू माझ्या तोंडाकडे बघत होता.

"हीच," मी म्हणालो.

परतताना दादूने बेदाण्यांची पुरचुंडी बांधून दिली. गाडीत मी ती उघडली नाही. खोटं बोललो, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण ओढ्यात ओतली तीच गणपाची असणार, हे मनातून जात नव्हतं, आणि ते आता कुणाला सांगायची सोय नव्हती.

घरी आलो. बायकोने बेदाणे तोंडात टाकत विचारलं, "मग, कशी होती ती वाईन?"

"गोड," मी म्हणालो.