बाबांच्या वतीने बोलताना

समजूतदार. हा शब्द कुणी माझ्याबद्दल वापरला की अजूनही माझं डोकं फिरतं. पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्या बायका म्हणायच्या, काय गं समजूतदार पोर! समजूतदार कसली डोंबलाची! आईबाप दोघंही जन्मापासून बहिरे, त्यामुळे घरात ऐकणारी-बोलणारी मी एकटी. रेशनच्या रांगेत मी, घरमालकाची बोलणी खायला मी. आईची गर्भपिशवी काढावी लागेल, हे डॉक्टरांनी मला सांगितलं, तिसरीतल्या पोरीला, आणि म्हणाले, जा, आईला सांग. मला तरी गर्भपिशवी म्हणजे काय, कुठे ठाऊक होतं? मी आईच्या पोटावर हात ठेवला आणि ओढून फेकून दिल्याची खूण केली. आई किंचाळली. सगळा दवाखाना माझ्याकडे बघायला लागला.

बहिऱ्यासमोर काहीही बोललं तरी चालतं असं लोकांना वाटायचं. ‘तो मुका शे, त्याले काय समजस?’ अहो, पण शेजारी मी उभी असायचे ना! ऐकायचं, गिळायचं, आणि बाबांनी हातानेच ‘काय म्हणतोय?’ विचारलं की ‘काही नाही, तब्येत विचारतोय’ असं सांगायचं. मी झोपेत दात खायचे, छाती धडधडून जागी व्हायचे. आताचे डॉक्टर त्याला मोठमोठी नावं देतात. तेव्हा शेजारणीने जंताचं औषध दिलं.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना धुळ्याचे पाहुणे मला बघायला आले. स्थळ आणलं होतं काकांनी. काका म्हणजे बाबांचे सख्खे मोठे भाऊ, चोपड्याकडे केळीची शेती. एका आईच्या पोटचे, पण भावाच्या चार खुणा शिकायला या माणसाला जन्मात वेळ झाला नव्हता. सकाळीच त्यांनी मला दम भरला, ‘पाहुण्यांसमोर हातवारे करू नको. खाली मान घालून बस. बठ्ठं मी पाही लिसू.’ म्हणजे सगळं तेच बघून घेणार होते.

मी बसले. साडीचा पदर, मांडीवर हात, मान खाली. बाबा समोरच्या खुर्चीवर, नवा शर्ट घालून. सारखे माझ्या हातांकडे बघत होते, आणि माझे हात गप्प. मुलाच्या वडिलांनी शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला, मग बशीतला चिवडा तोंडात टाकत काकांना म्हणाले, ‘मुलगी पसंत आहे. फक्त एक करा. कन्यादान तुम्ही करा. यांना पुढे बसवू नका. हे हातवारे करणार, मध्येच आवाज काढणार, आमच्याकडची माणसं हसतील. दोघांना मागे कुठेतरी बसवून द्या.’

काका म्हणाले, ‘हा काय बोलायचा विषय आहे का!’ आणि हसले. सगळे हसले. मुलगा पंख्याकडे बघत होता.

बाबांना एक सवय होती. चारचौघांत सगळे हसले की हसायचं, सगळ्यांनी मान हलवली की मान हलवायची. त्यांनाच काय, त्यांच्या सगळ्या बहिऱ्या मित्रांना होती. आपल्यामुळे कुणाचं बोलणं अडू नये, आपल्याला कुणी खुळा म्हणू नये, म्हणून. तसेच ते हसले, आणि मान हलवली. पाहुणे म्हणाले, ‘बघा, त्यांनाही मान्य आहे.’

माझ्या अंगाची आग आग झाली. स्वतःच्या मुलीच्या लग्नातून बापाला उठवलं, आणि त्याच्याकडूनच होकार वदवून घेतला! गेलं खड्ड्यात ते स्थळ. मी हात मांडीवरून उचलले आणि सगळं सांगितलं. बाबांकडे बोट, मागचा कोपरा, काकांकडे बोट, माझा हात काकांच्या हातात. लोक हसतील, तेही सांगितलं. पहिल्यांदाच काही गाळलं नाही.

दारात उभ्या आईनेही ते बघितलं. ती सरळ आत आली आणि पाहुण्याच्या हातातली बशी काढून घेतली. चिवडा सांडला.

बाबा मात्र उठले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी मुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच खूण केली, ‘मुलगा चांगला दिसतोय. तुला आवडला असेल तर मी बसतो मागे.’

मला त्या क्षणी काकांपेक्षा, पाहुण्यांपेक्षा बाबांचाच जास्त राग आला. किती वाकायचं माणसाने!

काका ओरडले, ‘अगं, काय म्हणतोय तो?’

मी उभी राहिले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, ‘बाबा म्हणतायत, कन्यादान मीच करणार. पटत नसेल तर निघा.’

ते निघाले. काका मला वाटेल ते बोलत त्यांच्यामागे धावले. दार आपटलं. बाबांनी माझा खांदा धरून मला स्वतःकडे वळवलं. का गेले, काय सांगितलंस, असं दोनदा विचारलं. मी शब्दन्शब्द सांगितलं.

ते चिडले. ‘मी असं म्हटलं नव्हतं.’

‘माहितीय,’ मी हात आपटून म्हणाले. ‘का नाही म्हटलंत?’