पार्किंगवाले

"पार्किंगवाल्यांचं आता काय करायचं, बोला," असं अनिरुद्ध म्हणाला आणि कॉलवरचे सगळे हसले.

मी त्याच कॉलवर होते. पार्किंगवाली मीच. कॅमेरा चालू होता, माझा चेहरा सगळ्यांना दिसत होता. आणि सवयीने मीसुद्धा हसले. ते हसू अजून मला छळतं.

२०२० चा जून. आदल्या दिवशी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी सही केली होती. बाहेरून कामाला येणाऱ्यांचे व्हिसा वर्षअखेरपर्यंत बंद. कंपनीच्या बदलीवर येणारे बंद. त्यांचे नवरे, बायका, पोरं, सगळे बंद. कारण काय, तर साथीमुळे तिथल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. अरे, पण माझ्या जाण्याने कुणाची नोकरी जाणार होती? जे काम मी इथे बसून करत होते तेच तिथे बसून करणार होते. पण टीव्हीवर काहीतरी बंद करून दाखवायचं होतं. आम्ही सापडलो.

पार्किंग म्हणजे काय ते सांगते. कंपनीने मला घेतलं कॅलिफोर्नियातल्या टीमसाठी. तिथल्या कामाच्या व्हिसाची लॉटरी काढतात, अक्षरशः लॉटरी. माझं नाव निघालं नाही. त्यावर कंपन्यांनी काढलेली वाट अशी, की माणूस वर्षभर दुसऱ्या देशातल्या ऑफिसात ठेवायचा आणि वर्ष भरलं की बदली दाखवून आत घ्यायचा. या ठेवण्याला पार्किंग म्हणतात. गाडी लावतात तशी माणसं लावायची. मला डब्लिनला लावलं होतं. माझ्यासोबत सोलापूरचा फरहान. बॉल्सब्रिजच्या ऑफिसात आम्ही शेजारी शेजारी बसायचो. लॉकडाऊन लागल्यापासून आपापल्या घरून.

माझा नवरा सुमेध आधीपासून तिकडे होता. त्याची डिपेंडंट म्हणून मी लग्न झाल्या झाल्या जाऊ शकले असते. पण त्या व्हिसावर काम करता येत नाही. मी इंजिनिअर झाले ती खिडकीत बसून त्याची वाट बघायला नाही. जाईन तर स्वतःच्या कामावर जाईन, असं मीच म्हटलं होतं. वर्षाचा तर प्रश्न होता. आता ना माझा रस्ता उघडा, ना डिपेंडंटचा. तो भेटायला बाहेर पडला तर त्याला परत आत घेतील याची खात्री नाही. नवरा-बायकोच्या मध्ये एक सही येऊन बसली. कुणाची, तर ज्याने आमची नावंही ऐकली नव्हती त्याची.

अनिरुद्ध आमचा मॅनेजर. पुण्याचा. वीसेक वर्षांपूर्वी असल्याच व्हिसावर तिकडे गेला, आता नागरिक झाला. कॉल संपल्यावर त्याने मला आणि फरहानला थांबवून घेतलं आणि मराठीत आला.

"मनाला लावून घेऊ नका रे. पण खरं सांगू? इकडे गर्दी फार झाली होती. कुणीही उठतं आणि येतं. आता जरा चाळण लागेल. मेरिटवाल्यांना काही फरक पडत नाही."

फरहानने कॅमेरा बंद केला. मी म्हटलं, "हो, बरोबर आहे."

बरोबर आहे! काय बरोबर होतं?

मेरिट हा शब्द मला नवा नाही. मी उत्तर नागपूरची. आई महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती. इंजिनिअरिंगला पुण्यात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात लॅबमधल्या मुलीने विचारलं, "ओपन का?" मी नाही म्हटलं. "अच्छा," ती म्हणाली. त्या 'अच्छा'खाली माझी सगळी वर्षं गेली. चांगले मार्क पडले की वर्गातल्या मुली म्हणायच्या, "तू तशी वाटत नाहीस गं." हे त्यांच्या लेखी कौतुक. मग कँटीनच्या टेबलावर माझ्यासमोरच चहा पीत दुसऱ्या कुणाची तरी लायकी काढायच्या. मी त्यातली नव्हते ना. मी अपवाद. आणि मला, लाज वाटते सांगायला, बरं वाटायचं.

अनिरुद्धचा आवाज त्या टेबलावरचाच होता. टीममधले जुने लोक सांगतात, ग्रीन कार्डच्या रांगेत होता तेव्हा हाच माणूस तावातावाने म्हणायचा, की जन्माचा देश बघून रांग लावतात हा शुद्ध अन्याय आहे. जन्मावरून! त्याला ते आयुष्यात पहिल्यांदा कळलं होतं. मग तो आत गेला. अन्याय संपला.

त्या संध्याकाळी मी मिक्सर जाळला.

नागपूरहून निघताना मी एकशे दहा व्होल्टचा मिक्सर घेतला होता. अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी आपल्याकडे मुद्दाम मिळतो. आयर्लंडमध्ये वीज आपल्यासारखीच, दोनशे तीसची, तो इथे चालत नाही. पण इथे राहायचंय कुणाला, म्हणून मी इथला घेतलाच नाही. वर्षभर खोबरं किसलं, मिरच्या ठेचल्या. खोका प्रेसमध्ये पडून. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता माझ्याही तोंडात तेच बसलंय. फरहानच्या घरी असाच राइस कुकर होता. पार्किंगवाल्यांच्या घरी असं काहीतरी असतंच. भिंतीला खिळा ठोकत नाहीत. चांगली कढई घेत नाहीत. या देशात आपण राहतच नाही, असं समजून इथे राहतात.

मी खोका फोडला, शेंगदाणे घातले आणि बटण दाबलं. रागाने म्हणा, वेडाने म्हणा. भांडं किंचाळलं, जळका वास सुटला, धूर झाला, छतावरचा अलार्म बोंबलू लागला. खालच्या मजल्यावरची नोरीन वर आली आणि दारापासून लांब, जिन्यातच उभी राहिली. साथीचे दिवस.

"यू ग्रँड, लव्ह?"

ठीक आहेस ना, असं इथे विचारतात. मी ग्रँड नव्हते. दारातच मी तिला सगळं सांगितलं. सही, सुमेध, सगळं. तिने मान हलवली. तिचा धाकटा भाऊ तरुणपणी बॉस्टनला गेला आणि कागदांशिवाय तिथेच राहिला. आई गेली तेव्हाही आला नाही. आला असता तर परत शिरता आलं नसतं. हे सांगताना तिचे डोळे भरले. मलाही तिच्याबद्दल माया वाटली.

मग ती म्हणाली, "पण आमची पोरं कष्टाळू होती हं. बाकीच्या येणाऱ्यांसारखी नव्हती." आणि लगेच घाईने, "तू पण नाहीस, लव्ह. तू वेगळी आहेस."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं. पुण्यातलं टेबल, कॅलिफोर्नियातला कॉल आणि आता डब्लिनचा जिना. सगळीकडे मी वेगळी, आणि बाकीचे टाकाऊ. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते कौतुक अंगावरून झटकून टाकावंसं वाटलं.

ऑक्टोबरात पुन्हा लॉकडाऊन लागला. घरापासून पाच किलोमीटरच्या आत फिरायचं. अनिरुद्धचा फोन आला, या वेळी आवाज मऊ.

"राष्ट्रहिताचा अपवाद म्हणून सोय आहे. अगदी गरजेच्या माणसाला बंदीतही आत घेतात. कंपनी एकच नाव पुढे करणार आहे. मी तुझं देतोय."

"आणि फरहान?"

"त्याचं सोड. ते नाव आधीच... तुला कळतंय ना? कंपनीच्या वकीलबाई विचारतील, हे काम डब्लिनमध्ये दुसरं कुणी करू शकतं का. तू नाही म्हणायचं. फरहान तुझ्या हाताखाली साधी कामं करतो, म्हणायचं."

"पण अर्धं काम त्याचंच आहे."

"अगं, तू काय कोर्टात शपथ घेऊन बसलीयेस? नवऱ्याकडे यायचंय ना? मी तुझ्यासाठी एवढं करतोय, लक्षात ठेव."

मी विचार करते म्हटलं. खोटं कशाला सांगू, मी विचार केला. सुमेधला बघून वर्ष उलटलं होतं. त्याने मोठं घर भाड्याने घेतलं होतं, आम्हा दोघांसाठी, आणि त्यातल्या एका खोलीत तो एकटा झोपत होता. तो म्हणाला, "बोलून टाक ना. इथे सगळे असंच करतात." आईला फोन केला, तर तीही त्याच्याच बाजूने बोलली.

"म्हण ना बाई, जे म्हनायले लावते ते. चार शब्दानं काय होते? म्या का कमी येळा मान खाली घातली? तवा तू इथवर गेली. संसार पाह्य तू आपला."

ती खरं बोलत होती. तिने मान खाली घातली होती, डॉक्टरांसमोर, मेट्रनसमोर, आणि त्यावर मी शिकले होते. मला तिचा राग आला आणि रडूही आलं. तिने ते माझ्यासाठी केलं. मी हे कुणासाठी करणार होते? फरहानला खाली ढकलून मी वर चढणार, आणि मग पुण्याच्या त्या टेबलावर माझीही एक खुर्ची.

कॉलवर तिघं होतो. वकीलबाई, अनिरुद्ध, मी. बाई सभ्य होत्या, बेताचं हसणाऱ्या. आधी शिक्षण विचारलं, मग काम. मग तो प्रश्न आला.

"हे काम करू शकेल असं तुमच्या डब्लिन ऑफिसात दुसरं कुणी आहे का?"

नाही हा शब्द जिभेवर होता. शपथेवर सांगते, होता. अनिरुद्ध मान हलवून मला धीर देत होता. लहान पोराला कविता म्हणायला लावतात तसा.

मी म्हटलं, "आहे. फरहान आहे. अर्धं काम तोच करतो. तो माझ्या हाताखाली नाही, माझ्या शेजारी बसतो."

अनिरुद्ध मध्ये पडला. "तिला म्हणायचंय की..."

"मला जे म्हणायचं होतं ते मी म्हटलंय. अपवाद म्हणून मला नेऊ नका. नियम चुकीचा आहे. माझ्यापुरता वाकवला म्हणून तो बरोबर होत नाही."

वकीलबाईंनी वेळ दिल्याबद्दल आभार मानले आणि गेल्या. अनिरुद्ध राहिला. मराठीत आला.

"वेडी आहेस का तू? ताटात वाढून दिलं होतं. तुम्हा लोकांना काही द्यायला जावं तर हे असं."

"कुठल्या लोकांना?"

त्याने नजर दुसऱ्या स्क्रीनकडे वळवली.

"कुठल्या लोकांना, अनिरुद्ध? तोंडाने सांगा ना एकदा. मला ऐकायचंय."

त्याने कॉल कापला. भीती होती, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटत होती. इतकी वर्षं तो प्रश्न मला विचारला जात होता. पहिल्यांदा तो मी विचारला होता.

मी तक्रार केली. कंपनीने गैरसमज झाला म्हणून फाइल मिटवली. मी नोकरी सोडली, डब्लिनमध्येच दुसरी धरली. जाण्याआधी फरहानला सगळं सांगितलं, त्याच्या नावाबद्दल काय बोललं गेलं तेही. तो म्हणाला, "माझं नाव घेतलंस, बरं केलंस. पण यासाठी आभार मानायचे असतात का गं?" मी म्हटलं, नाही. मानायचे नसतात.

जानेवारी २०२१. तिकडे नवे राष्ट्राध्यक्ष आले. सगळ्या ग्रुपांवर पेढे, फटाके, नाचणारी चित्रं. मीही त्यांच्यासारखीच हुरळले, एक दिवस. आयर्लंडमधून येणाऱ्यांवर साथीमुळे घातलेली वेगळी बंदी जुन्यांनी जाता जाता उठवली होती, ती नव्यांनी आल्या आल्या परत लावली. आणि कामाच्या व्हिसांवरची, जुन्यांनी मार्चअखेरपर्यंत वाढवलेली बंदी नव्यांनी रद्द केली नाही, मुदत संपेपर्यंत तशीच चालू ठेवली. जुने आमच्यावर ओरडायचे, नवे गोड बोलत होते. आम्ही होतो तिथेच होतो. तेव्हा कळलं, की हा एका माणसाचा स्वभाव नाही. ही व्यवस्था आहे, आणि तिला आमची मनगटं हवीत, माणसं नकोत.

व्हिसाची बंदी संपली तेव्हा सुमेधचा फोन आला. खूश होता.

"आता डिपेंडंटवर ये. कामाचं मागाहून बघू. युरोपातून थेट घेत नाहीत, पण लोक मेक्सिकोत दोन आठवडे काढून मग शिरतायत. तसं कर."

"म्हणजे पुन्हा पार्किंग."

"अगं, दोनच आठवडे!"

"नाही सुमेध. मी येणार नाही. तू इकडे ये. इथे माझ्या परमिटवर तुला काम करता येतं."

"आणि माझी ग्रीन कार्डची रांग? इतकी वर्षं उभा आहे मी."

"ती रांग आपला जन्म बघून लावलीय. तुझा नंबर लागेपर्यंत आपण म्हातारे होऊ. बाहेर पड."

तो विचार करतो म्हणाला. अजूनही ठरवतोय. आम्ही रोज बोलतो, भांडतो, रडतो. मला तो हवाय. हे मी कुणापासून लपवत नाही.

आयर्लंड फार थोर आहे म्हणून मी इथे राहते, असं कुणी समजू नका. आश्रयाला आलेल्या माणसांना इथेही वर्षानुवर्षं कुठल्या कुठल्या सेंटरमध्ये कोंबून ठेवतात, आणि त्या विरोधात उभं राहायला मी जाते. नोरीनलाही मी सांगितलंय, की तुझा भाऊ आणि ती माणसं एकच आहेत. तिला ते आवडलं नाही. मी परत सांगणार आहे.

सुमेध आला तर आमचा संसार होईल. नाही आला तर मोडेल. मोडला तर मी रडेन, पण त्या दारात जाणार नाही. कुणापेक्षा तरी बरी म्हणून मला आत घेणाऱ्या कुठल्याच दारात मी यापुढे पाऊल टाकणार नाही.